नकुशी: आत्तीचं नाव, वारसनोंद आणि चार स्पेलिंगं

अनकॉमन नावांचा विषय निघाला की मला आमच्या आत्तीचं, म्हणजे आत्याचं, नाव आठवतं. आमच्या आबांना आधी चार मुली झाल्या. पहिल्या तिघींची नावं रीतसर, बारसं करून, घुगऱ्या वाटून ठेवलेली. चौथीचं बारसंच झालं नाही म्हणे. आबांची आई बाजेपाशी आली, बाळ बघितलं आणि "ही नकुशी" एवढंच बोलून चुलीकडं गेली, तेच नाव पडलं. त्यानंतर अडीच वर्षांनी माझे वडील झाले. म्हणजे नाव लागू पडलं. हे माझं मत नाही, आमच्या घरात पन्नास-साठ वर्षं हेच बोललं जातंय आणि ते ऐकतच मी मोठा झालो. त्यामुळे या हिशोबाने बघितलं तर मी त्या नावाच्या रिझल्टचा मुलगा.

ही चौथी म्हणजे माझी आत्ती. तिचं सासरचं नाव इथे लिहीत नाही, तिला चालणार नाही. पण नकुशी या नावाची गोष्ट सांगायला तिची स्वतःची हरकत नाही, विचारून लिहितोय. "लिही की, त्यात काय चोरी हाय" असं म्हणाली.

प्रकरण सुरू झालं २०१९ मध्ये, आबा गेल्यावर. सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातली साडेतीन एकर जिरायत, म्हणजे १४० गुंठे, वडिलोपार्जित. आज्जी आधीच गेलेली. वारस पाच, चार मुली आणि एक मुलगा, प्रत्येकी २८ गुंठे. वडिलांनी तलाठ्याकडे वारसाचा अर्ज दिला आणि सवयीने सगळ्या बहिणींची माहेरची नावं लिहिली. चौथ्या नंबरला "नकुशी". मृत्यूचा दाखला, आधारच्या झेरॉक्स, प्रतिज्ञापत्र, सगळं जोडलं. दोन आठवड्यांनी बोलावणं आलं की या चौथ्या बाईचा मेळ लागत नाही. आधारवर सासरचं नाव आहे, सासरचं आडनाव आहे, मग ही नकुशी कोण? आणि गावातल्या कुणीतरी दाखवलेल्या जुन्या रेशनकार्डाच्या झेरॉक्सवर "नकोसाबाई" आहे, ती कोण? आबांना मुली चार की पाच, असा सरळ प्रश्न आमच्या वडिलांना विचारला गेला. वडील भडकले, पण तसं बघितलं तर समोरच्याचंही चुकत नव्हतं, गाव नमुना ६-क म्हणजे वारस नोंदवही, त्यात चुकीची बाई घातली की पुढं वीस वर्षं कोर्ट.

बाकीच्या तिघींचं काहीच अडलं नाही. त्यांचीही सासरी नावं बदललेली होतीच की. आपल्याकडे बऱ्याच घरांत लग्नात तांदळाच्या ताटात नवरा अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो, त्यातलाच प्रकार. पण त्यांच्या माहेरच्या नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच होतं, कारण ते नाव लोकांना नाव म्हणून माहीत होतं. आत्तीचं नाव हे नाव नव्हतंच, शेरा होता. शेरा कानाला ऐकू येईल तसा लिहितात. मास्तरनं लिहिला एक, रेशनवाल्यानं दुसरा, आमच्या वडिलांनी तिसरा.

आता नावाकडे येतो, कारण त्यातच सगळी मेख आहे.

नको, नकोसा, नकोशी. हा सा/शी म्हणजे "तसं वाटणारा". हवासा, हवीशी, तसा नकोसा, नकोशी. जीव नकोसा होतो, ऊन नकोसं होतं. आमच्या भागात बोलताना को चा कु होतो म्हणून नकुशी, आणि कागदावर जाताना नकुसा, नकुशा, पुढं मान म्हणून बाई लावलं की नकुसाबाई. गंमत बघा, व्याकरणानं नकोसा हे पुल्लिंगी रूप आहे. म्हणजे मुलीला मुलगी म्हणून नको म्हणायचं ते पण मुलग्याच्या रूपात. हे बहुतेक कुणी ठरवून केलेलं नाही, रमा, उमा, शांता यांच्या चालीवर शेवटी आकार आला असणार, पण मला ते एकदा दिसल्यावर डोक्यातून जाईना.

अशी नावं ठेवायची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे असं कुणी म्हटलं की लगेच दगडू, धोंडू, केरबा, भिकाजी यांची यादी निघते. मीही आधी तेच समजायचो, की नकुशी म्हणजे दगडूची बहीण. पण तसं नाहीये. दगडू नाव कधी ठेवायचे? आधीची पोरं जगली नाहीत की. मग नवीन बाळाला दगड म्हणायचं, केर म्हणायचं, भिकेत मिळालेलं म्हणायचं, म्हणजे दृष्ट लावणाऱ्याला, सटवाईला, मरणाला वाटावं की यात घेण्यासारखं काही नाही. त्या काळात पोरं जायचीच तशी. अगदी १९७१ सालीसुद्धा देशात जन्मलेल्या दर हजारातली १२९ बाळं वर्षाच्या आत दगावत होती, २०२० मध्ये महाराष्ट्रात तो आकडा १६ वर आलाय. हा आकडा खाली आला तसं दगडू नाव ठेवायचं कारणच उरलं नाही. आणि हे नाव मिळालेल्यांचं काही अडलं असं पण नाही. पुण्यातला सगळ्यात प्रसिद्ध गणपती दगडूशेठांच्या नावानं ओळखला जातो. धोंडो केशव कर्वे भारतरत्न झाले. मुलींना पण दगडी नावं असायची, जालना जिल्ह्यात रझाकारांशी लढलेल्या दगडाबाई शेळके आहेतच.

म्हणजे दगडू हे खोटं नाव आहे. आईबापाला पोर हवंय, जीव तोडून हवंय, म्हणून जगाला दाखवायला नको म्हणतात. नकुशी हे खरं नाव आहे. नको म्हणजे नको.

आणि याच्याही पुढचं बघा. मुलगे जगत नसतील तर आणखी एक उपाय असायचा, मुलग्याचं नाक टोचून नथ घालायची, मुलीसारखं वाढवायचं, म्हणजे मरण फसेल. नथू हे नाव त्यातूनच. नथुराम गोडसेचं मूळ नाव रामचंद्र, आधीचे भाऊ लहानपणीच गेले म्हणून त्याला सुरुवातीला मुलीसारखं वाढवलं, नाकात नथ होती, त्यावरून नथुराम. या उपायामागचं लॉजिक नीट वाचलं तर अंगावर काटा येतो. मुलगी आहे असं दिसलं की मरण पण हात लावणार नाही, इतकी ती बिनकामाची. दगड, केर आणि मुलगी एकाच यादीत.

मग नकुशी हे नाव नेमकं कुणाला उद्देशून ठेवायचे? मुलीला? आज्जीला मी एकदा विचारलं होतं, शाळेत असताना, तेव्हा ती म्हणाली होती, "आरं तिला न्हाई म्हणलं, द्येवाला म्हणलं." हे अगदी बरोबर आहे. ते नाव म्हणजे देवाला दिलेला अर्ज आहे, की मुली पुरे, आता मुलगा पाठव. पोरीच्या कपाळावर तो अर्ज चिकटवलेला, आणि देव वाचेल की नाही ते माहीत नाही पण गावातले सगळे वाचतात. शाळेत हजेरीला रोज वाचतात. आत्तीनं दुसरीत शाळा सोडली, कारण विचारलं तर म्हणते शेरडं राखायला कुणी नव्हतं, पण एकदा असंच बोलता बोलता म्हणाली की मास्तर हजेरी घ्यायला लागलं की मागच्या बाकावरची पोरं "नको, नको" करायची.

हा आपलाच एकट्याचा पराक्रम नाही. राजस्थानात धापू नाव असतं, धापणं म्हणजे पोट भरणं, आता पोट भरलं. हरियाणात भतेरी, म्हणजे पुष्कळ झाल्या. कर्नाटकात साकव्वा, साकू म्हणजे पुरे. तमिळनाडूत वेंडाम, म्हणजे थेट नको. तुर्कीत येतेर, पुरे. चीनमध्ये झाओदी, धाकट्या भावाला बोलावून आणणारी, त्यात निदान मुलीला काहीतरी काम तरी दिलंय. मराठीचा वेगळेपणा इतकाच की बाकीचे बहुतेक जण "पुरे" म्हणतात, म्हणजे आधीच्या चालल्या, आता बास. आपण तमिळांसारखं थेट "नको"वर जातो.

आता २०११. त्या वर्षी जनगणनेचे सुरुवातीचे आकडे आले, ० ते ६ वयोगटात देशात हजार मुलांमागे ९१४ मुली, सातारा जिल्ह्यात ८८१. ज्या जिल्ह्यात नायगावला १८३१ साली सावित्रीबाई जन्मल्या तो जिल्हा. तेव्हाचे जिल्हा आरोग्य अधिकारी डॉ. भगवान पवार यांच्या पुढाकारानं जिल्हा परिषदेनं नकुशा, नकुसा नावाच्या मुली शोधल्या आणि २२ ऑक्टोबर २०११ ला साताऱ्यात कार्यक्रम घेऊन त्यांना नवी नावं दिली. बातम्यांत आकडा २८५ आला होता. फुलांचा छोटा गुच्छ आणि नव्या नावाचं प्रमाणपत्र. कुणी ऐश्वर्या घेतलं, कुणी सावित्री, कुणी वैशाली. जगभरच्या पेपरात फोटो आले. एका जिल्ह्यात शोधायला गेल्यावर इतक्या सापडल्या, २०११ मध्ये, मोबाईल आल्यावर, हे लक्षात घ्या. अनकॉमन नाव म्हणावं तर म्हणा.

मला तो कार्यक्रम आवडला होता आणि अजूनही आवडतो, त्याची टर उडवणारे भेटतात पण पोरींनी स्वतः नाव निवडलं ही साधी गोष्ट नाही, आपल्यापैकी कितीजणांनी स्वतःचं नाव स्वतः निवडलंय? फक्त दोन गोष्टी राहून राहून वाटतात.

एक म्हणजे कागद. प्रमाणपत्र एका दिवसात मिळतं, नाव कागदावरून एका दिवसात जात नाही. मुलगी शाळेत असताना बदल सोपा, जनरल रजिस्टरला अर्ज देऊन दुरुस्ती होते. एकदा दाखला घेऊन बाहेर पडली की मग गॅझेट, मग आधार, मग बँक, आणि प्रत्येक खिडकीवर तेच सांगायचं की आधी माझं नाव हे होतं. म्हणजे नको असलेलं नाव घालवायला ते शंभर वेळा स्वतःच्या तोंडानं उच्चारायचं. जन्माच्या दाखल्याचं वेगळंच. कायद्यानं जन्म नोंदवल्यावर नाव नंतर भरायला १५ वर्षांपर्यंत मुभा आहे, पहिलं वर्ष फुकट, पुढं लेट फी भरून. माझं तर म्हणणं आहे की ज्या आज्जीला रागाच्या भरात काही बोलायचंय तिला बोलू द्यावं आणि ती रांगेतून बाहेर गेल्यावर बाळाच्या आईनं कॉलम कोरा ठेवून घरी यावं.

दुसरी गोष्ट जास्त त्रासदायक. नकुशी हे नाव कमी झालं म्हणजे मुलगी हवीशी झाली असं नाही. नकुशी नाव मिळायला आधी जन्माला तरी यावं लागतं. चौथी मुलगी जन्मली म्हणजे त्या घरानं पोटातच काही केलं नाही, पैसे नव्हते म्हणा, मशीन लांब होतं म्हणा, नाहीतर पापाची भीती होती म्हणा. सोनोग्राफी आल्यावर देवाला अर्ज करायची गरज संपली. १९९४ चा गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा आहे, २००३ मध्ये तो कडक केला, साताऱ्यातल्याच वर्षा देशपांडे आणि त्यांच्या लेक लाडकी अभियानानं गरोदर बायकांना सोबत घेऊन डॉक्टर पकडून दिले, सगळं खरं. तरी आकडे बघा, राज्यात हजार मुलांमागे २००१ ला ९१३ मुली होत्या, २०११ च्या अंतिम आकड्यात ८९४. बीडला ८९४ वरून ८०७. कोल्हापूर २००१ ला ८३९, साखर कारखाने, दूध संघ, घरटी गाडी असलेला पट्टा. जिथं पाणी आणि पैसा तिथं मशीन आधी गेलं. माणसारख्या दुष्काळी तालुक्यात नकुशी नाव टिकलं त्याचं एक कारण कदाचित हेच, की आमच्याकडे नाव स्वस्त होतं. त्यामुळे नकुशी नावाची पोर वर्गात दिसली की मला वाईट वाटतंच, पण ती दिसते तरी.

असो, वारसनोंद.

तलाठी कार्यालयानं सांगितलं शाळेचा पुरावा आणा. आत्ती दुसरीपर्यंतच शिकलेली, दाखला कधी काढलाच नव्हता. मी सुट्टी टाकून गावी गेलो आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत निर्गम उताऱ्यासाठी अर्ज दिला. कपाटातून जनरल रजिस्टर निघालं, लाल कापडी बांधणी, कोपरे उंदरांनी खाल्लेले, आत शाईची बारीक अक्षरं. हेडमास्तर बाई स्वतः बोट फिरवत गेल्या. सापडलं. नाव नकुसा, पुढं आबांचं नाव, आडनाव. जन्मतारीख १ जून १९६२, कारण त्या पानावरची निम्मी गावाची पोरं १ जूनलाच जन्मलेली, मास्तर अंदाजे वय धरून तीच तारीख टाकायचे. शाळा सोडल्याचं कारण, "सतत गैरहजर". आणि नाव लिहिताना मास्तरांनी आधी काहीतरी वेगळं लिहून खोडलेलं होतं. पहिलं अक्षर "न" दिसतं, पुढचं कळत नाही. नर्मदा असेल? नलिनी असेल? आमच्या घरात कुणाला काही आठवत नाही. मास्तरांनी स्वतःहून चांगलं नाव घालायचा प्रयत्न केला होता आणि बरोबर आलेल्या माणसानं, म्हणजे बहुधा आमच्या आबांनीच, हटकलं असं मी धरून चाललोय, पुरावा काही नाही.

मग स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र झालं. नकुसा, नकुशी, नकोसाबाई आणि सासरचं नाव ही चारही नावं एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती मीच आहे, असं आत्तीनं अंगठा न लावता सही करून सांगितलं. सही तिला येते, नवऱ्यानं शिकवली. टायपिंग करणाऱ्या मुलानं "उर्फ" तीन वेळा टाकलं तेव्हा ती हसून म्हणाली, "येवढी नावं तर इट्टलाला बी नसतील."

या सगळ्यात तिचा हक्क मात्र कधी शंकेत नव्हता आणि हे कायद्याचं थोडं सांगायला पाहिजे. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना वाटा दिला, पण त्या आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या, आत्तीचं लग्न १९७९ चं, म्हणजे ती बाहेर. २००५ ला केंद्राची दुरुस्ती आली, तिथं लग्नाची अट नाही, ती आत आली. थोडक्यात एका कायद्याला ती नको होती आणि दुसऱ्याला हवी झाली. २८ गुंठे.

फेरफार धरला, नोटीस निघाली, मुदतीत हरकत कुणाची आली नाही, मंडळ अधिकाऱ्यांनी प्रमाणित केला. मग आला खरा विषय. आमच्याकडे रीत अशी की वारस लागले की बहिणींनी दुय्यम निबंधकाकडे जाऊन भावाच्या नावे हक्कसोड करायची, भावानं साडी-चोळी करायची, जेवण घालायचं. थोरल्या तिघींनी केली. वडिलांचे ११२ गुंठे झाले. आत्ती त्या दिवशी आली नाही. दुसऱ्या वेळीही नाही. तिसऱ्या वेळी वडिलांनी फोनवर जरा आवाज चढवला तेव्हा तिकडून ती शांतपणे म्हणाली, "आण्णा, माझ्या नावानं तू आलास, त्याचं भाडं म्हणून ऱ्हाऊ दे की तेवढं." वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. आई आतून हसल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ भांडी घासल्याचा.

वडील चार महिने तिच्याकडं गेले नाहीत. पाचव्या महिन्यात तिच्या पायाला प्लास्टर घातलं तेव्हा गेले, बरोबर बाजरीची गोणी, आणि ती गोणी त्या २८ गुंठ्यांतली आहे असं स्वतःहून सांगितलं. त्यानंतर दरवर्षी एक गोणी जाते. जमीन वडीलच करतात, नाव तिचं आहे.

शेवटचा घोळ असा की ऑनलाईन सातबारा काढला तर त्यावर ऑपरेटरनं "नकुशा" टाईप केलंय. शाळेत नकुसा, अर्जात नकुशी, रेशनला नकोसाबाई आणि सातबाऱ्यावर नकुशा, चौथं स्पेलिंग. लेखनातली चूक म्हणून महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, मी फॉर्म भरून ठेवलाय, जोडायची कागदपत्रं सगळी तीच. आत्तीला विचारलं कुठलं नाव लावायचं, सासरचं लावून टाकू का एकदाचं, त्या निमित्तानं नकुशी तरी जाईल. ती म्हणाली नको, नकुसाच राहू दे, शाळंत हाय तेच. आणि सहीसाठी कधी येशील म्हटलं तर म्हणाली बाजरीची मळणी झाल्यावर बघू.